बंदरातले आठ तास

सप्टेंबरात त्याचं पहिलं पत्र आलं.
एव्हरेट हॅलोरन, सस्काचेवान.
धान्याची कोठारं तपासण्यात हयात गेली,
जिथून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही.
जहाज अकरा फेब्रुवारीला, सकाळी आठला लागेल,
चारला सुटेल.
मधे मला एकदा खाली जायचंय.

मग प्रश्न.
घड्याळ जहाजाचं खरं धरायचं की बेटाचं?
धक्क्यापासून तुमचं दुकान किती पावलं?
एकाहत्तरीच्या गुडघ्यांना शिडी जमेल?
मी तळ्यात शिकलो, गोड्या पाण्यात;
खाऱ्यात माणूस जास्त तरंगतो म्हणे,
तर कमरेला शिसं किती?

मी लिहिलं : दोन किलो जास्त.
लिहिलं : चारशे वीस पावलं, माझी, आखूड.
घड्याळ बेटाचंच खरं,
पण जहाज आमचं ऐकत नाही,
तेव्हा जहाजाचं बांधा.

पत्राखाली तिरक्या अक्षरात बायकोची एक ओळ असायची :
मला बोट लागते. मी तुमच्या बाकावर विणत बसेन.
साडेतीनला तो मला परत हवा.

जहाज लागतं तेव्हा
क्रालेंडाइकला दुसरी सकाळ होते, सावलीची.
चार हजार माणसं उतरतात,
गाढवांचे फोटो काढतात, मिठाच्या पुड्या घेतात,
चारला गाव पुन्हा आमच्या मापाचं.
मी तक्रार करत नाही. माझं छत त्या सावलीवरच शाकारलंय.
पण पाच महिने आधी
पावलं विचारणारा
हा पहिलाच.

म्हणून मी त्याला समुद्रघोड्याचं सांगितलं.
कुणाला सांगत नाही.
चौदा मीटरवर, जांभळ्या स्पंजाच्या आड,
करंगळीएवढा, हळदीच्या रंगाचा,
शेपटीनं धरून बसलेला.
त्यानं उलट टपाली विचारलं :
अकरा तारखेला असेल ना तो?

दहाच्या रात्री रिचेनेलनं टाक्या भरल्या.
त्रेचाळीस नंबरचे पर धुऊन टांगले.
फळ्यावर मी खडूनं लिहिलं
हॅलोरन, ९.१५
आणि बाकाचा लंगडा पाय ठोकून घेतला.

पहाटे वारा फिरला.

आमच्याकडे वारा पूर्वेचा, वर्षभर, नवऱ्यासारखा ठरलेला.
वर्षातून एखादवेळी पश्चिमेनं येतो
आणि दारं उलट्या बाजूनं आपटू लागतात.
लाटा रस्त्यावर आल्या.
आमची होडी आम्ही दोराला लोंबकळून वाचवली.
आठ वाजता जहाज दिसलं,
पाढरं, सगळे दिवे लावलेलं,
जरा थबकल्यासारखं झालं,
आणि नाक वळवून गेलं.
इतकं उंच, की कठड्याशी कोण उभं आहे
ते दुर्बिणीतूनही कळेना.
तरी मी हात हलवला.
रिचेनेल म्हणाला, मिरेल्वा, कुणाला?

तीन दिवसांनी पाणी निवळलं.
मी त्याची टाकी घेतली. भरलेली होती, वाया का जावी?
खाली सगळं विस्कटलेलं,
स्पंज मुळासकट आडवा,
आडोसा म्हणून काही उरलाच नव्हता.
मी वीस मिनिटं शोधलं.
श्वास मोजायचे असतात हे मीच शिकवते सगळ्यांना,
आणि मीच विसरले.

मग वर यायला दोर धरला,
माझ्याच नांगराचा, शेवाळलेला,
तर हातापासून वीतभर खाली
तो.
शेपटीचा वेढा घालून,
जणू होडी त्याच्याच भरवशावर बांधलेली.

दुकानात येऊन मी वहीत नोंदलं :
खोली अकरा मीटर. एकेचाळीस मिनिटं.
पाणी धूसर.
नावाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
सस्काचेवानला पत्र टाकलं :
होता. तुमच्या तारखेला असणारच, फक्त पत्ता बदललाय.

फळा अजून पुसलेला नाही.
आज दुसरं जहाज लागलंय,
एक बाई बाकावर टेकून विचारते,
हा डुगडुगत कसा नाही?